कोणी बांधलं, कोणी राखलं

चंद्रपूरला चाललोय म्हटलं की पुण्यात एकच प्रश्न येतो: ताडोबा? परत आल्यावरही एकच: दिसला का? आम्हाला वाघ दिसला नाही, कारण आम्ही ताडोब्याला गेलोच नाही. दिवाळीनंतरची चार दिवसांची सुट्टी, नागपुरातून भाड्याने घेतलेली एक गाडी आणि आम्ही चौघं. चौघंही एकाच कंपनीत कोड लिहिणारे. त्यातला एक मूळचा अहेरीकडचा, राजगोंड. सहा वर्षं त्याच्या शेजारी बसून डबा खाल्लाय, पण त्याचं गाव नकाशात नेमकं कुठे आहे हे बाकी तिघांनी नागपूर सोडल्यावर गूगल मॅप्सवर पाहिलं.

प्लॅन अगदी साधा होता. चंद्रपूरचा किल्ला, मार्कंड्याची देवळं, आलापल्लीचं जंगल, मग एटापल्ली-भामरागडकडचे डोंगर. फोटो काढायचे, जेवायचं, झोपायचं. पण इतिहासाची थोडी खाज असलेल्या माणसाने अशा ट्रिपला जाऊ नये. प्रत्येक दगडापुढे मी उभा राहून विचारत होतो, "हे कोणी बांधलं?" आणि अहेरीचा मित्र दरवेळी उलटा प्रश्न टाकत होता, "आणि राखलं कोणी?" पहिल्या दिवशी मला ते त्याचं चिडवणं वाटलं. आता हा लेख लिहिताना वाटतं की या दोन जिल्ह्यांचा इतिहास वाचायला त्याचाच प्रश्न जास्त कामाचा आहे.

चंद्रपूर शहरात शिरताना जटपुरा दरवाजा लागतो. दरवाजा म्हणजे नुसती कमान उरलेली नाही, आजही रहदारी त्यातून जाते. ऑटो, स्कूटी, कोळशाच्या खाणीतल्या कामगारांच्या बस, सगळं या पाचशे वर्षांच्या परिसरातून हॉर्न वाजवत निघतं. वर दगडात कोरलेला एक सिंहासारखा प्राणी आहे आणि त्याच्या पायाखाली हत्ती. हे गोंड राजांचं चिन्ह. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे, त्याशिवाय लहान खिडक्या आणि सगळ्यांना जोडणारा ११ ते १२ किलोमीटरचा परकोट. महाराष्ट्रात डोंगरी किल्ले पाहून वाढलेल्या माणसाला हा प्रकार नवा वाटतो. इथे किल्ल्यात शहर नाही, शहराभोवतीच किल्ला आहे.

याची गोष्ट अशी सांगतात. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात खांडक्या बल्लाळशाह नावाचा राजा वर्धेकाठच्या बल्लारपुरात राज्य करत होता. त्याच्या अंगभर फोड होते. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातलं पाणी तो प्यायला, त्यानेच हातपाय धुतले, आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला शांत झोप लागली. राणी हिरातनीने ती जागा शोधायला लावली. तिथे अचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे त्याच भागात राजाने एक विचित्र दृश्य पाहिलं: ससा कुत्र्याच्या मागे लागलेला. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधा, असा सल्ला राणीने दिला, आणि चांदा शहर उभं राहिलं. सशाने कुत्र्याला पळवल्याची कथा भारतात अनेक शहरांच्या नावावर आहे, तेव्हा तिच्यावर वाद नको. मला त्यात आवडलं ते एवढंच की दोन्ही वेळा पुढचा विचार राणी करते.

तट एका राजाच्या हयातीत झाला नाही. आखणी झाली, पिढ्या गेल्या आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला धुंड्या रामशाहाच्या काळात तो पुरा झाला असं मानतात. मधल्या काळात याच घराण्यातल्या बाबाजी बल्लाळशाहाची नोंद अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त येते: १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख तिथे आहे. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात आहे. गडचिरोली म्हटलं की हिरे आठवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आपण सगळे ज्या क्रमाने या राजांची नावं सांगतो, तो क्रम आपल्याकडे आला कुठून, हाही एक मजेदार भाग आहे. १८६९ मध्ये लूसी स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याचा जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल लिहिला. सारा किती बसवायचा हे ठरवायला तो आला होता. त्याने स्थानिकांकडून ऐकलेली वंशावळ आणि कथा त्यात उतरवून घेतल्या. पुढचे गॅझेटियर, पुस्तकं, वेबसाइट, सगळे तिथूनच भरतात. म्हणजे एका राजघराण्याचा इतिहास आपण महसूल खात्याच्या फायलीतून वाचतो. याच माणसाने गोंड राजवटीबद्दल फार चांगलं लिहून ठेवलंय. राज्य नीट चाललेलं होतं, लोक समाधानी होते आणि त्यांनी केलेली बांधकामं उत्तम होती, असा त्याचा सूर आहे. हिरशाह या राजाची जमिनीविषयीची रीत तर प्रसिद्ध आहे. जो रान साफ करील त्याला ती जमीन, जो तळं बांधील त्याला तळ्याखाली भिजणारी जमीन. चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव जे तलाव दिसतात, त्यांच्याकडे मग वेगळ्या नजरेने बघावं लागतं. देऊळ बांधणाऱ्याचं नाव राहतं, तलाव बांधणाऱ्याचं राहत नाही. भात मात्र त्याच्यावर पिकतो.

"शाळेत आम्ही एकाच धड्यात होतो," मित्र जटपुऱ्याखाली चहा पिताना म्हणाला. "आदिवासींचे उठाव. अर्ध्या पानात सगळे उठाव संपले."

अचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी बीरशाहाची. हा राजा १७०४ च्या सुमारास हिरामण नावाच्या आपल्याच रजपूत अंगरक्षकाच्या हातून मारला गेला. मागे राहिली राणी हिराई. मुलगा नव्हता, म्हणून रामशाहाला दत्तक घेतलं आणि त्याच्या नावाने तिने कारभार केला. नवऱ्याची ही समाधी तिने बांधली, महाकालीचं मंदिरही तिचंच. महाकालीच्या चैत्रातल्या यात्रेला नांदेडकडून आणि तेलंगणातून माणसं लोटतात. चैत्रातलं चंद्रपूर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की ही साधी भक्ती नाही. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. देवीच्या दारात त्या बाईचं नाव किती जण घेत असतील? मी तिथल्या एका हारवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "हिराई रानीनं बांधलं ना जी, सगळ्याईले माहीत आहे." म्हणजे पुण्यात माहीत नाही एवढंच.

१७५१ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं. शेवटचा राजा नीलकंठशाह बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत मेला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफांनी तट फोडला. मराठी वाचकाला पहिली तारीख विजयाची वाटते आणि दुसरी पराभवाची. मित्राने दोन्ही एकाच सुरात सांगितल्या.

परकोटाची पुढची दोनशे वर्षं झाडंझुडपं, कचरा आणि अतिक्रमणाची आहेत. २०१७ मध्ये 'इको-प्रो' या चंद्रपूरच्याच संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी तट आणि बुरूज साफ करायला सुरुवात केली आणि ते काम शेकडो दिवस चाललं. तटावर उगवलेली झाडं काढणं वाटतं तितकं सोपं नसतं. मूळ ओढलं तर दगड निघतो. नुसतं छाटलं तर पावसाळ्यात पुन्हा फुटतं. आज पठाणपुऱ्याच्या बाजूला बुरुजावर चढून चालता येतं ते त्यांच्यामुळे. राखलं कोणी, या प्रश्नाचं हे एक ताजं उत्तर.

लालपेठचं ठिकाण बहुतेक टूरवाले वगळतात. कोळशाच्या खाणींच्या या भागात उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती पडून आहेत. सगळ्यात मोठी दहा तोंडांची दुर्गा. पंचवीस फुटांच्या आसपास लांब, एकाच दगडात कोरलेली आणि आडवी. रायप्पा नावाच्या श्रीमंत कोमट्याने मोठं देऊळ बांधायला काढलं, मूर्ती तयार झाल्या, देऊळ व्हायच्या आत तो वारला, असं सांगतात. मूर्ती जिथे होत्या तिथेच राहिल्या. आमच्यातला एक जण म्हणाला, "फ्रंटएंड रेडी, सर्व्हरच नाही." हसलो सगळे. पण दहा तोंडांची ती बाई आभाळाकडे बघत पडलेली आहे हे दृश्य त्यानंतर बराच वेळ डोक्यातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मूलवरून मार्कंडा. वैनगंगा एरवी दक्षिणेकडे वाहते, इथे मात्र वळसा घेऊन उत्तरेकडे जाते. नदी उत्तरवाहिनी झाली की आपल्याकडे तीर्थ होतंच. काठावर तटाच्या आत वीसेक लहानमोठी देवळं आहेत. मुख्य मंदिर मार्कंडेय ऋषींच्या नावाचं, शंकराचं. बाहेरच्या भिंतीवर जागा सोडायचीच नाही असं ठरवून कोरल्यासारख्या मूर्ती. देव, अप्सरा, मिथुनं, योद्धे, हत्ती. याला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती मुळीच आवडत नाही. खजुराहोला कोणी 'बुंदेलखंडाचं मार्कंडा' म्हणत नाही.

बांधलं कोणी? गावात दोन उत्तरं मिळतात. एक, ऋषींनी. दोन, हेमाडपंतांनी, एका रात्रीत. हेमाद्री हा यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. ही देवळं शैलीवरून साधारण नवव्या ते बाराव्या शतकातली मानली जातात. म्हणजे हेमाडपंत जन्मायच्या आधीच यातली बहुतेक उभी होती. महाराष्ट्रात ज्या काळ्या देवळाचा पत्ता लागत नाही ते हेमाडपंतांच्या खात्यावर जमा करायची आपली जुनी सवय आहे.

राखलं कोणी, याचं उत्तर मात्र मंडपात उभं आहे. सांगतात ते असं. कधीकाळी मुख्य मंदिराच्या शिखरावर वीज पडली. वरचे अजस्र दगड मंडपाच्या छतावर कोसळले, छत फुटलं. पुढे चांद्याच्या गोंड राजाने त्याची दुरुस्ती केली. अलेक्झांडर कनिंगहॅम हा भारतीय पुरातत्त्वाचा आद्य अधिकारी १८७० च्या दशकात मध्य प्रांतात फिरत असताना इथे आला आणि त्याने या देवळांचं सविस्तर वर्णन केलं. त्या दुरुस्तीला शिल्पकलेच्या पुस्तकांत फारसा मान नाही. नाजूक कोरीव खांबांच्या शेजारी जाडजूड, अनघड टेकू. जुन्याला शोभत नाही हे खरंच आहे.

पण मी सहा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळण्याचं काम करतो. ज्याने मूळ लिहिलं तो सोडून गेलेला असतो, कागदपत्रं नसतात आणि मध्यरात्री काहीतरी कोसळतं. तेव्हा आपण सुंदर काही लिहीत नाही. टेकू लावतो. कारण सकाळी लोक लॉगिन करणार असतात. मार्कंड्यातही महाशिवरात्रीला लोक येणार होते. राजाच्या गवंड्यांना मूळ शिल्पकारांची विद्या येत नव्हती. ती तोवर लोप पावली होती. देव त्यांच्या स्वतःच्या परंपरेतला होता की नव्हता, हाही प्रश्नच आहे. गोंडांचे पेन म्हणजे देव अशा कोरीव गाभाऱ्यात राहत नाहीत. तरी त्यांनी छत उचलून धरलं. ते टेकू नसते तर आपल्याला नावं ठेवायला मंडपच उरला नसता.

आपल्या पिढीची दुरुस्ती कशी चालली आहे, हेही बघायला हवं. मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धाराचं काम गेल्या दहा-बारा वर्षांत सुरू होऊन रखडल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत येत राहिल्या आहेत. आता शास्त्रशुद्ध पद्धत आहे, आराखडे आहेत, निधी आहे. गोंड राजाच्या गवंड्यांपाशी यातलं काहीच नव्हतं.

देवळाबाहेर चिंचेखाली बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "कुठून आले जी?"

"पुण्याहून."

"एवढ्या दुरून? पानी पेले का?"

त्यांनी मित्राकडे पाहिलं, त्याने "जोहार" म्हटलं, आणि मग त्या दोघांचं अर्धा तास आमच्याशिवाय चाललं.

तिथून आष्टीवरून आलापल्ली. रस्ता दोन्ही बाजूंनी सागाच्या रानात शिरतो आणि मोबाइलची रेंज जाते. या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण आम्ही बहुतेक वेळ गप्प होतो. मुक्काम मित्राच्या घरी. त्याच्या आईने मोहाच्या फुलांची भाकर केली होती. काकूंना आमच्या शहरी भुकेची काळजी वाटत होती. "एवढंच जेवता का जी? मग काम कसं करता?"

रात्री अंगणात विषय निघाला बाबूराव शेडमाक्यांचा. मोलमपल्लीचा हा तरुण जमीनदार १८५८ मध्ये, उत्तरेतलं बंड विझत आलं असताना, गोंड-माडिया-रोहिले जमवून इंग्रजांवर उठला. त्याच्या जोडीला अडपल्लीचा व्यंकटराव. त्या वर्षीच्या एप्रिलच्या शेवटी प्राणहितेकाठी चिंचगुंडीजवळ त्यांच्या लोकांनी तार खात्याच्या छावणीवर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. तारा टाकणारे ते लोक म्हणजे एका अर्थाने आमच्याच धंद्याचे पूर्वज. डेप्युटी कमिशनर क्रिक्टनने मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. बाबूराव तिच्या माणसांच्या हाती सापडला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या कारागृहात त्याला फाशी दिली. वय पंचवीस. आमच्या चौघांपेक्षा लहान.

मित्राचे वडील हे सांगताना लक्ष्मीबाईंचं नाव आलं तेव्हा थोडे थांबले. अहेरी त्यांचं गाव, म्हणून तिकडची बाजूही त्यांना ठाऊक होती. "तिची जमीनदारी जाणार होती," ते म्हणाले. "सगळेच काही ना काही राखत होते, बाळा. त्यानं एक राखलं, तिनं एक राखलं." मग त्यांनी विषय धानाच्या भावाकडे वळवला. आता दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरला लोक जमतात, ते बाबूरावासाठी.

शेवटचे दोन दिवस डोंगरांचे. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम पाहिला. वाटेत हेमलकसा, जिथे बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्याबद्दल मराठीत इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडबद्दल.

सूरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाचं ठाणं आहे. शिखर नाही, मंडप नाही, कोरीव खांब नाही. दरवर्षी जानेवारीत तिथे जत्रा भरते. आसपासच्या गावांतून आणि शेजारच्या छत्तीसगडमधूनही माडिया-गोंड कुटुंबं येतात. पुरातत्त्वाच्या भाषेत तिथे 'वास्तू' म्हणावी असं काही नाही. म्हणून तिथे निळा फलकही नाही. देवाचं घर म्हणजे तो डोंगरच.

आणि तो डोंगर उत्तम प्रतीच्या लोहखनिजाचा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी इथली ७५ हून जास्त वाहनं जाळली. २०२१ पासून खाणकाम पुन्हा जोरात सुरू आहे. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा कारखाना झालाय. मार्कंडाही त्याच तालुक्यात. आम्ही गेलो तेव्हा एटापल्लीच्या रस्त्यावर लाल मातीने माखलेले ट्रक एकामागून एक उतरत होते. सागाची पानंही रस्त्याच्या बाजूला लाल झालेली. मित्राचा चुलतभाऊ खाणीत डंपर चालवतो. त्याच्या पगारावर घरात पहिलं पक्कं छत पडलं. मित्राची आत्या त्याच खाणीविरुद्धच्या धरण्यात बसून आलेली. दोघं एकाच अंगणात राहतात आणि त्या रात्री एकाच पंगतीत जेवले. आत्याने भाच्याच्या ताटात जास्त वाढलं, हे मी पाहिलं.

मार्कंड्यात काय राखायचं हे तरी स्पष्ट आहे. दगड दगडावर राहायला हवा. इथे तसं नाही. डोंगर देव असेल तर त्याला टेकू कसा लावणार? याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने एक वाट दाखवली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची जुनी घोषणा. बांबू कधी तोडायचा, कोणाला विकायचा, हे ग्रामसभा ठरवते आणि एकमत होईपर्यंत बैठक उठत नाही. पण मेंढ्याच्या जंगलात बांबू आहे, आणि बांबू तोडला की पुन्हा येतो. लोखंडाचं तसं होत नाही. मित्राला मी हे बोललो तेव्हा तो म्हणाला, "म्हणून तर भाऊ आणि आत्या अजून भांडतात. संपलं असतं तर गप्प बसले असते."

परतताना एटापल्लीच्या नाक्यावर ट्रकच्या रांगेमागे आम्ही पाऊण तास अडकलो. त्याने खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवून ठाण्याची वाट साधारण कुठून जाते ते सांगितलं आणि विचारलं, "जानेवारीत जत्रेला येता का?" त्याच आठवड्यात आमचं रिलीज आहे. तिघांनीही रजा टाकली आहे. मॅनेजरने अजून मंजूर केलेली नाही.